ऊन दाखवलेला बुरा

चन्नबसम्माच्या हातच्या लोणच्याला बुरा येत न्हाई. आमच्या राणीसावरगावात हे शेंबडं पोरबी सांगतंय. बुरा म्हंजे ती बुरशी हो, बरणीचं तोंड सोडलं की फोडीवर मांजराच्या केसावानी उगवलेली दिसती ती. तुमच्या बरणीत येती, माझ्या बरणीत येती, सरपंचाच्या बायकोच्या बरणीत तर पयल्याच महिन्यात येती. चन्नाक्काची बरणी मात्र तीन वर्षांनी उघडा, फोड आपली करकरीत, तेल वर, जशी ठेवली तशी.

चन्नाक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमची भिंतीला भिंत. त्यांचं लिंगायताचं घर, आमचं धनगराचं. तिच्या कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग, आन माझ्या लुगड्याला शेळीचा वास. तरीबी चाळीस वर्षं झाली, भिंतीवरून वाटी इकडून तिकडं जायलीय आन भांडण तिकडून इकडं यायलंय.

"अंबे, तुझी शेळी माझा कढीपत्ता खाल्ली!"

"खाल्ली कुठं अक्का? चव घेतली. तुझ्या हाताची तारीफ लय ऐकलीय तिनं."

अशी आमची सकाळ व्हती.

तर अक्काच्या लोणच्याचं गुपित काय? कोरडं. बस. अक्काच्या लेखी जगात दोनच जाती, कोरडं आन ओलं. बरणी उकळत्या पाण्यानं धुयाची, पालथी घालायची, हिंगाची धुरी द्यायची, आन मग ऊन दाखवायचं. ऊन दाखवणं हे तिचं खरं व्रत. डाळीला ऊन, मिरचीला ऊन, गोधड्याला ऊन. राजेश्वरच्या, म्हंजे तिच्या लेकाच्या, लग्नाच्या पत्रिका छापून आल्या तव्हा त्याबी गच्चीवर पसरल्या बाईनं. का, तर शाई ओली वाटली म्हणं. निम्म्या पत्रिकेवरलं नवरीचं नाव पिवळं पडलं.

नवरी म्हंजे महेश्वरी. सोनपेठची पोरगी, कामाला वाघीण, तोंडानं गरीब. लग्नाच्या पयल्या उन्हाळ्यात बिचारीनं हौसेनं एक बरणी भरली. महिन्यानं अक्कानं फडकं सोडलं, तर आत हिरवं रान! तव्हापासून अक्कानं तिला बरणीजवळ उभं केलं न्हाई. वर गावभर सांगितलं, "माझ्या सुनेच्या हाताला बुरा हाय." आमच्याकडं बुरा म्हंजे बुरशीबी आन बुरा म्हंजे वंगाळबी, निजामाच्या काळापासून दोन्ही अर्थ येकाच शब्दात नांदायलेत. ऐकणाऱ्यानं जो घ्यायचा तो घ्यावा. महेश्वरी हसायची. पर खाली बघून हसायची. अकरा वर्षं.

आता झाडाचं सांगते, कारण सगळं रामायण झाडापायी घडलं.

अक्काच्या शेतात, गोठ्याच्या मागं, बांधावर एक आंबा हाय. खोबऱ्या म्हणताव आमी त्याला. पिकल्यावर त्याला कुणी विचारत न्हाई, आंबटढाण. पर कच्ची कैरी चिरली की आत खोबऱ्यावानी पांढरी, आन चावली की करकर आवाज. अक्काच्या लोणच्याचं अर्धं नाव हाताचं, अर्धं त्या झाडाचं. मी एकदा तोंडावर म्हणले, "अक्का, खोबऱ्या न्हाई तर तुझं लोणचं आन माझं लोणचं सख्ख्या बहिणी." चार दिवस बोलली न्हाई माझ्याशी. म्हंजे खरं लागलं.

मागच्या उन्हाळ्यात खोबऱ्या मावळतीकडून वाळायला लागला. बुडापासून फांदीपर्यंत मातीचे पोपडे चढले, जणू कुणी झाडाला लिंपून काढलंय. पोपडा बोटानं खरवडला की आत पांढऱ्या किड्यांची पळापळ. वाळवी! आमच्या ह्या मुरमाड रानात वाळवी काय नवी न्हाई, खुंटा खाती, कुडाचं दार खाती. पर जितं झाड खायला लागली म्हणल्यावर अक्काच्या तोंडचं पाणी पळालं. सालीवर टिचकी मारली तर आतून डब्यावानी आवाज.

राजेश्वर म्हणला, "आई, दहा पावलावर वारूळ हाय. ते खणून काढताव आन जहाल औषध ओतताव. त्याबिगर इलाज न्हाई."

अक्कानं दोन बोटं दाखवली. "येक, वारुळाला हात लावायचा न्हाई. पंचमीला गावच्या बाया तिथं दूध-लाह्या घेऊन येत्यात, मी कोणत्या तोंडानं उभी राहू? दोन, जहर प्यालेल्या झाडाची कैरी माझ्या बरणीत जाणार न्हाई."

"मग झाड मरन."

"मरू देणार न्हाई."

"आई, वाळलेलं धूड वाऱ्यानं पडलं तर गोठ्यावर पडन. खाली बैल हायत." राजेश्वर चांगला पोरगा हाय बरं का, पर हिशोबी डोक्याचा. "संक्रांतीपर्यंत थांबतो. मोहर दिसला तर झाड तुझं. न्हाई दिसला तर परमेश्वरला मशीन घेऊन बोलावतो."

परमेश्वर म्हंजे देव नव्हं, आमच्या गावचा झाडं कापणारा. ह्या नावापायी लय घोटाळे व्हतात, जाऊ द्या.

अक्का त्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसली आन कायबी बोलली न्हाई. चन्नाक्का गप बसली म्हंजे मामला अवघड. मीच मग सुकेशनीला निरोप धाडला.

सुकेशनी आमच्या भागाची कृषी सहाय्यक. गाडीवर येती, डोक्याला रुमाल, पाठीला पिशवी, आन शेतकऱ्याला रागवायला भीत न्हाई. तिनं झाड बघितलं, वारूळ बघितलं, अक्काची दोन बोटं बघितली आन म्हणली, "अक्का, वारूळ खणायचं न्हाई, जहरबी न्हाई. बुरशी सोडू."

"काय सोडू?"

"बुरशी. हिरवी बुरशी असती येक, वाळवीच्या अंगावर वाढणारी. मातीतच असती ती, आपल्याच रानात. कुणाच्या तरी शेतात मेलेल्या किड्यावर सापडली, शिकल्या-सवरल्यांनी वाढवली, भुकटी करून पाकिटात भरली."

अक्काचं तोंड बघायला पायजे व्हतं तुमी! जन्मभर जिच्याशी वैर धरलं, तीच सोयरीक घेऊन दारात.

"बाई," अक्का म्हणली, "मी बुऱ्याला घरात येऊ दिलं न्हाई साठ वर्षं. आन तू मला बुरा विकायलीस?"

"विकायले न्हाई अक्का, फुकट द्यायले. ऐका तर. ही भुकटी वाळवीच्या अंगाला चिकटती. वाळवी आपल्या घरी जाती. तिथं त्या येकमेकीला चाटून साफ करत्यात. येकीची दुसरीला, दुसरीची तिसरीला. चार-सहा दिवसांनी बुरशी अंगात शिरून वाळवी मरती, आन मेलेलीच्या अंगावर पुन्हा हिरवी भुकटी उगवती."

मी म्हणले, "बघ अक्का, सासू-सुना येकमेकीला चाटत न्हाईत म्हणून माणसाची जात वाचली."

महेश्वरी चहा घेऊन आली व्हती. तिनं पदर तोंडाला लावला. अक्कानं माझ्याकडं असं बघितलं की मी गपगुमान बशीत चहा ओतला.

मग अक्का इचार करून म्हणली, "म्हंजे वारुळाची माती आन ही बुरशी, दोघी येकाच शिवारातल्या?"

"हो."

"मग हे भावकीचं भांडण हाय. आपण मधात पडलाव न्हाई, निस्ता निरोप पोचवला. देवाला राग येणार न्हाई."

असा न्याय झाला. सुकेशनीनं पाकीट दिलं, म्हणली, "चार दिवसांनी पाऊस सांगितलाय. पाऊस पडला की संध्याकाळच्याला, सालीचे पोपडे खरवडून, ओल्या शेणखतात कालवून बुडाला टाका. तवर नीट जपून ठेवा." आन गेली गाडीवर बसून.

नीट जपून ठेवा. आता हे कुणाला सांगितलं? चन्नाक्काला.

अक्कानं पाकीट फोडलं, भुकटीत बोट घातलं. गार लागली. जराशी दमट. म्हणली, "सरकारी माल, ओलाच भरलाय." लगी सूप काढलं, सुपात भुकटी पसरली, वर मलमलचं फडकं टाकलं, आन गच्चीवर नेऊन ऊन दाखवलं. एक दिवस न्हाई, तीन दिवस. मी भिंतीवरून बघितलं, मला वाटलं धनेपूड हाय. इचारलंसुद्धा न्हाई, म्हंजे चूक माझीबी.

पाऊस पडला, अक्कानं कुरकुरीत वाळलेली भुकटी शेणखतात कालवून मोठ्या श्रद्धेनं टाकली. आठ दिवस झाले. पंधरा झाले. वाळवी मेली तर न्हाईच, उलट नवे पोपडे घेऊन हातभर वर चढली. पंचमी आली, बाया वारुळाला गेल्या, फेर धरला. अक्का फेरात व्हती पर ध्यान सगळं झाडाकडं.

महिन्यानं सुकेशनी आली. झाड बघून घरी आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"अक्का, काय काय केलं ते सांगा."

"तू सांगितलं तसंच केलं बाई. कायबी कमी न्हाई, जास्ती न्हाई."

"पाकीट कुठं ठेवलं व्हतं?"

"ठेवलं कुठं? लय दमट व्हतं ते. नीट ऊन दाखवलं."

सुकेशनीनं डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला.

"किती?"

"तीन दिवस. चौथ्या दिवशी ढग आलं, न्हाई तर अजून..."

"अक्का," सुकेशनी हळूच म्हणली, "बुरशी जित्ती असती. उन्हानं मरती. तुमी तिचा पापड केला."

मला हसू आवरंना, मी शेळी सुटली म्हणून निमित्त करून उठले. पर कानावर आलंच. सुकेशनी म्हणली, आता बारकं येकच पाकीट हाय माझ्याकडं, झाडाला पुरणार न्हाई. घरातच भातावर वाढवावी लागन. भात अर्धाकच्चा शिजवायचा, गार करायचा, उकळून घेतलेल्या भांड्यात आन धुतलेल्या हातानं भुकटी मिसळायची, पिशव्यात भरून कापसाचं बूच लावायचं, आन अंधारात, गारव्यात, ओलसर ठेवायचं. पावसाळा सरायच्या आत झाडाच्या बुडाला गेलं तर गेलं. कोरड्या दिवसात ही बुरशी टिकत न्हाई.

म्हंजे संक्रांतीच्या आधी ही शेवटचीच खेप.

अक्का चौकटीला टेकून उभी राहिली. तिनं आपल्या हाताकडं बघितलं. मला ते अजून आठवतं. ज्या हाताची जिल्हाभर तारीफ, त्या हाताकडं माणूस असं बघत न्हाई. तो हात कोरडा. जिथं लागन तिथं बुरा मरणार.

महेश्वरी परड्यात भांडी घासायली व्हती. अक्का तिच्याजवळ जाऊन बसली. खाली, राखेजवळ. मी भिंतीच्या अल्याड, शेळीच्या तोंडाला हात लावून उभी. चोरून ऐकलं न्हाई हो, भिंतच ठेंगणी हाय.

"महेश्वरी."

"जी, आत्याबाई."

"तो भात... तुझ्या हातानं लाव."

भांड्याचा आवाज थांबला. मग महेश्वरी म्हणली, लय दमानं, "माझ्या हाताला बुरा हाय न, आत्याबाई."

अकरा वर्षांत पयल्यांदा बोलली पोरगी! मी शेळीचं तोंड इतकं दाबलं की तिनं लाथ मारली मला.

अक्का म्हणली, "म्हणून तर म्हणायले."

आन मग, "बाकीच्या बारीला म्हणले ते चुकलं माझं. ह्या बारीला कामाचं म्हणायले."

महेश्वरीनं हात धुतले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सैपाकघरात मीबी गेले, बोलावलं नव्हतं तरी. सुकेशनी दारात बसून सांगायली, महेश्वरी करायली. भात परातीत गार व्हयला पसरला. अक्का बाजूला निस्ती उभी राहणार व्हती, पर हाताची सवय का माणसाचं ऐकती? तिनं डब्यातून चिमूटभर हळद उचलली. परातीवर हात नेला. हळद म्हंजे तर बुऱ्याचा काळ! मी ओरडणार तवर महेश्वरीनं सासूचं मनगट धरलं.

"आत्याबाई, हळद नको."

अक्कानं सुनेच्या हाताकडं बघितलं. मला वाटलं, झालं, आता फुटला फटाका. तर बया हसली! खुदखुदून, पोट धरून. "मेले मी! हातच वैरी हाय माझा." चिमूट पदराला पुसली, पदर पिवळा झाला तो झाला.

पाच पिशव्या भरल्या. मागच्या खोलीत, बाजेखाली, गोणपाट ओलं करून त्याच्या आडोशाला ठेवल्या. ज्या घरात मिठालाबी ऊन दाखवत व्हते त्या घरात आता खिडकीला पडदा लागला. चौथ्या दिवशी भातावर कापसावानी पांढरं आलं. आठव्या-नवव्याला हिरवं, शेवाळाच्या रंगाचं. अक्का रोज सकाळी बाजेखाली वाकून बघायची. तिच्या नाकानं मात्र मोठं काम केलं. येका पिशवीत बूच काढायच्या आधीच म्हणली, "ही फेका. हिला काळ्याचा वास हाय." सुकेशनीनं बघितलं, खरंच कडेला काळी बुरशी, दुसरीच जात. लांब नेऊन पुरली.

सुकेशनी म्हणली, "अक्का, तुमाला बुरशी इतकी कशी कळती?"

"वैऱ्याची वळख सोयऱ्यापेक्षा जास्ती असती बाई."

भादव्यात झड लागली. येके दिवशी दिवस मावळायला सासू-सून शेतात गेल्या, राजेश्वर टोपलं घेऊन मागं. पोपडे खरवडले, बुडाची माती हलकी केली, हिरवा भात ओल्या शेणखतात कालवून टाकला, वर उसाचं पाचट झाकलं. येक मूठ वारुळाच्या वाटंवर. तिथं अक्कानं हात जोडले, म्हणली, "तुमचं तुमी बघा." सुकेशनीनं आधीच सांगून ठेवलं व्हतं, सगळी वाळवी मरणार न्हाई, ही काय जादू न्हाई. रेटा कमी व्हईल, झाडाला दम खायला सवड मिळन. खाल्लेलं परत येत नसतं.

मग वाट बघणं. लय दिवस. अक्का रोज झाडाकडं जायची, येताना तोंडाकडं बघूनच मला कळायचं. न्हाई. न्हाई. आज बी न्हाई.

दसऱ्याच्या पुढं-मागं येके सकाळी गल्लीच्या तोंडाहून आरोळी आली. "अंबे! अंबे गं! बुरा आलाय! बुरा आला!"

अक्का पळत यायली, साठीची बाई, हातात कागदाची पुडी. पुडीत चार मेलेल्या वाळव्या, अंगावर हिरवी भुकटी, जणू कुणी हिरवा बुक्का लावलाय. आन मागून कोण आलं असंन? सरपंचाची बायको! हातातलं पीठ तसंच, डोळ्यात चमक.

"आला म्हणं बुरा? चन्नाक्का, तुमच्या बरणीला? बघू बघू!"

तिची निराशा काय सांगू तुमाला. वाळवी बघून गेली बिचारी.

त्यानंतर खोडाचे पोपडे खरवडले की पुन्हा लवकर भरंनात. टिचकीचा आवाज उगवतीच्या अंगाला भरीव यायला लागला. पर मावळतीचं अर्धं झाड वाळलेलंच. पानाचा पत्ता न्हाई. आन मोहर? मोहराचं नाव न्हाई. मार्गशीर्ष गेला. पूस आला. दुसऱ्याच्या शिवारात आंब्याची झाडं मोहरानं तांबूस व्हयला लागली, खोबऱ्या मुका.

संक्रांत आली. अक्कानं तीळ वाटले, वाण दिलं, पर कुणाशी गोड बोलली न्हाई. राजेश्वर सकाळी आईच्या पाया पडला, म्हणला, "आई, उद्या परमेश्वर यायलाय."

"शब्द दिलाय मी," अक्का म्हणली. "येऊ दे."

दुसऱ्या दिवशी आमी सगळे शेतात. परमेश्वरनं मशीन खाली ठेवलं, दोरी खांद्यावर घेतली, चढला. वाळकी फांदी बांधायला त्याला शेंड्यापर्यंत जावं लागतं. अक्का झाडाकडं पाठ करून, वारुळाकडं तोंड करून उभी. महेश्वरी तिच्या शेजारी.

वरून परमेश्वर म्हणला, "काकू, ह्या अंगाला बी कापायचं का?"

"सगळं म्हणलंय न," राजेश्वर.

"न्हाई, पर इकडं उगवतीला, शेंड्यावर, मोहर हाय की. खालून दिसत न्हाई. चार-पाच फांद्यांवर हाय. चिकट लागायलाय हाताला."

अक्का वळली न्हाई. तिनं निस्तं महेश्वरीचं मनगट धरलं. हळदीच्या दिवशी सुनेनं धरलं व्हतं तसंच.

राजेश्वर लय येळ वर बघत राहिला. मग म्हणला, "परमेश्वर, मावळतीचं तेवढं काप. गोठ्यावरचं."

"आन हे?"

"हे आईचं."

आता खोबऱ्या अर्धा हाय. लांबून बघितला तर येका अंगानं केस कापलेल्या माणसावानी दिसतो, मी अक्काला तसं म्हणते आन शिव्या खाते. त्याचं अंग अजून धरलं न्हाई, वाळवीबी गेली न्हाई, वारूळ जागच्या जागी हाय. ह्या उन्हाळ्यात येकच टोपलं कैऱ्या निघाल्या. पर चिरल्या तर पांढऱ्या, खोबऱ्यावानी.

अक्कानं कैऱ्या धुतल्या, पुसल्या, फोडी केल्या, मसाला लावला. आन बरणी भरायची येळ आली तव्हा लाकडाचा चमचा महेश्वरीच्या हातात दिला. मी म्हणले, "अक्का, बघ बरं, बुरा येईल!"

"आला तर काढून टाकू. तू घरला जा, तुझी शेळी वाट बघायलीय."

आजकाल त्यांच्या घरात सकाळी येकच हुकूम चालतो. सुकेशनीनं पुढच्या पावसासाठी नवं पाकीट आणून दिलंय, ते माठाजवळ अंधारात. आन महेश्वरीची बरणी गच्चीवर. अक्का पायरीवर बसून ओरडती, "महेश्वरी, बरणीला ऊन दाखव! पाकिटाला न्हाई गं, बरणीला!"

"जी, आत्याबाई. पाकिटाला तुमी दाखवता, मी न्हाई."

हे असं उत्तर द्यायला शिकलीय पोरगी. आन अक्का? ऐकून घेती. खाली बघून हसती.